हळदीच्या हंगामातली चेन

माघ लागला की आमच्या डोंगरकडा गावात सकाळ नाकानं कळते. उजाडायच्या आधीच कुठल्यातरी शेतात कुकर पेटलेला असतो. हा कुकर स्वयंपाकघरातला नव्हे. चाकांवरच्या मोठ्या लोखंडी टाक्या, खाली जाळ, नळ्यांतून वाफ आणि त्या वाफेत शिजणारी हळद, असा तो गाडा असतो. वास मातीचा, मुळांचा, थोडासा दवाखान्याचा. पाहुणे येतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, किती प्रसन्न वाटतं तुमच्याकडे. पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं जातात. आमच्या उशांना, दुधाला, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांना तो वास चैत्र संपेपर्यंत सोडत नाही. चांगल्या वासाचाही कंटाळा येतो, पण हळदीबद्दल तसं बोलता येत नाही. ती शुभ असते. शुभ गोष्टींची तक्रार कुठं नोंदवायची हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

यंदाही कुकर लागले आणि मला माझ्या सायकलीची पिवळी पडलेली चेन आठवली. लग्नानंतरचा तो पहिलाच हंगाम होता.

नांदेडहून मी सून म्हणून इथं आले तेव्हा कपाट, फ्रिज यांच्यासोबत टेम्पोत माझी गिअरची सायकलही आली. कॉलेजात असताना भावानं घेऊन दिलेली, चांगली वापरलेली. टेम्पो अंगणात उभा राहिला तेव्हा माणसांनी माझ्यापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहिलं, आणि नव्या सुनेला त्याचा फायदाच झाला. मामा, म्हणजे माझे सासरे, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि तिथल्या दातेरी चकत्या बोटानं मोजू लागले. सात भरल्या. यातली कोणती चालते, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सगळ्या चालतात.

"सगळ्या एकदम?"

"नाही, एका वेळी एकच."

"मंग बाकीच्या सहा बसूनच खातात म्हना की."

यावर अंगण हसलं. मीही हसले. विनोद चांगला होता.

माळाच्या पलीकडच्या गावातल्या माध्यमिक शाळेत मला विज्ञान शिकवायचं काम मिळालं होतं. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितकेच तुमचे, आणि न घेतलेला तास दुसऱ्या कुणाचातरी. तिकडे काळी-पिवळी जीप जायची, पण ती भरल्याशिवाय हलत नसे, आणि तिचं भरणं शाळेच्या दुसऱ्या तासाच्या सुमारास पूर्ण होई. म्हणून सायकल. घरात यावर बैठक झाली. प्रत्येकानं सुरुवातीला आपलं काहीच म्हणणं नसल्याचं सांगितलं आणि मग ते म्हणणं सविस्तर मांडलं. पारावरून जायचं नाही, मागच्या पांदीनं, शेतांमधल्या वाटेनं जायचं. वेशीपर्यंत डोक्यावर पदर. आणि दिवस मावळायच्या आत घरी. माझा नवरा कळमनुरीच्या खताच्या दुकानात कामाला. त्याचा रस्ता उलट दिशेला होता. तो म्हणाला, तू बघ काय ते. आमच्याकडे नवऱ्यांचा पाठिंबा बहुतेक या शब्दांत व्यक्त होतो.

तरी तो रस्ता माझा होता. घरात मी सून होते, शाळेत मॅडम होते. मधल्या पांदीत, बाभळींच्या सावलीत आणि नंतर उघड्या माळावर मी कुणीच नव्हते. दिवसातला तेवढा वेळ मी कुणीच नसे. माणसाला याची किती गरज असते, हे भरल्या घरात आल्याशिवाय समजत नाही.

माझा दीर गजानन. त्याला यंत्रांचं वेड होतं, यंत्रांना त्याचं नव्हतं. शिजवून वाळवलेली हळद पिंपात घालून फिरवावी लागते. हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल निघते, अंगावर चमक येते. याला पॉलिश म्हणतात. पिंप हातानं फिरवायला दोन धट्टे गडी लागत, आणि शेतातली वीज तिच्या मर्जीनं येई. गजाननानं माझ्या सायकलीकडे पाहिलं. महाशिवरात्रीला जोडून शाळेला सुट्टी होती. वहिनी, तेवढीच द्या, म्हणाला. मी दिली. त्यानं मागच्या चाकाचा टायर काढला, सायकल तिवईवर कसली, उघड्या रिमवरून पिंपाला पट्टा जोडला. एका माणसानं पायडल मारलं की पिंप गरगर फिरे. खरं सांगायचं तर ते चाललं, आणि चांगलं चाललं. काम एवढ्यावर थांबलं असतं तर मीही त्याचं कौतुकच करत बसले असते.

पण आमच्याकडे चालणाऱ्या गोष्टीचं उद्घाटन केल्याशिवाय ती चालली असं धरत नाहीत. गावातले एक पुढारी बोलावले गेले. हँडलला फीत बांधली, सीटला हार घातला, पायडलाच्या बाजूला नारळ फोडला. पुढाऱ्यांनी भाषण केलं. स्वावलंबन झालं, संशोधन झालं, मग या सायकलीच्या रूपानं महिलाही हळद उद्योगाला जोडली गेली आहे, असं ते म्हणाले. ती महिला तेव्हा आत आल्याचा चहा गाळत होती. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. पुढारी, मामा, गजानन आणि मध्ये हार घातलेली सायकल. सायकल कुणाची, हे बातमीत नव्हतं. बातमीत जागा कमी असते.

आणि इथून मी अडकले. सुट्टी संपली, सायकल सुटेना. बातमी वाचून आसपासच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. कुणी नुसतं बघे, कुणी चार पायडलं मारून बघे, कुणी पिंपावर हात ठेवून मान डोलवी. मी मामांकडे विषय काढला तेव्हा ते रागावले नाहीत. मामा रागावणाऱ्यातले नव्हतेच, आणि सगळी अडचण तिथंच होती. रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"लोकं लांबून येऊन राहिले, पोरी," ते म्हणाले. "आता काढली तर काय म्हन्तील? फोटो छापून आलाय."

मी काळी-पिवळीनं जाऊ लागले. ती भरायची वाट पाहत स्टँडवर बसू लागले. पहिला तास बुडू लागला. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी मला ऑफिसात बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले की मॅडम, तुमची तकलीफ मला कळते, पण पोरांचा पहिला तास रिकामा जाऊन राहिला. गावातच एक बी.एड. झालेला मुलगा बसून आहे, त्याचे वडील रोज येऊन बसतात. सोमवारपासून पहिला तास भरला पाहिजे, नाहीतर माझा नाइलाज आहे. त्या आठवड्यात माझ्याशी प्रत्येक माणूस चांगलं वागत होता, आणि प्रत्येक चांगुलपणानं माझं एकेक दार बंद होत होतं.

चेनीला तेल द्या, हे मी गजाननाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवघरात चपला घालून आले होते. तेलाचा शिंतोडा उडाला, एका हळकुंडाला काळा डाग लागला, आणि हिंगोलीच्या बाजारात व्यापाऱ्यानं नेमकं तेच उचलून तळहातावर चोळलं, तर अख्ख्या ढिगाचा भाव पडला. हळदीच्या घरात हे लहान लेकरालाही माहीत असतं. म्हणून चेन कोरडीच चालली. पिंपातून हळदीची बारीक भुकटी उडे, ती चेनीच्या एकेका कडीत जाऊन बसे. काळी चेन तांबूस झाली, मग पिवळी झाली, मग कण्हू लागली. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. हळदच तर लागली होती.

एका दुपारी, पाहुणे बघत असतानाच, ती दोन-तीन जागी तुटली, जोडायच्या लायकीची राहिली नाही. पाहुण्यांनी हळहळ व्यक्त केली, चहा घेतला आणि गेले. गजाननानं मात्र फार तत्परता दाखवली. संध्याकाळी सायकल माझ्या खोलीच्या दाराला टेकवलेली होती. टायर चढवलेला, अंग पुसलेलं, हारातली दोन फुलं अजून ब्रेकच्या तारेत अडकलेली.

"घ्या वहिनी," तो म्हणाला, "तुमची सायकल मोकळी झाली."

शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी मामांनी माळ्यावरून त्यांच्या जुन्या काळ्या सायकलीची चेन काढली. रॉकेलमध्ये धुतली, ओट्यावर माझ्या तुटक्या चेनीशेजारी पसरली. कडीला कडी लागली. मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ, बराबर हाय. सायकल म्हंजे सायकल. कुन्या का कंपनीची असंना." आणि त्यांचं अर्धं खरं होतं. कुठल्याही कारखान्याची घ्या, सायकलीच्या चेनीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर तेच असतं. एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालेलं आहे. म्हणून पुढच्या दात्यांवर ती चेन अशी बसली की जन्मापासून तिथंच असावी. मागं गेली आणि फसली. माझ्या सात चकत्या एकमेकींना चिकटून उभ्या, त्यांच्यामधून जायला चेन सडपातळ हवी. मामांची चेन नखाच्या कडेएवढी जास्त जाड होती. लांबी जुळली होती, जाडी जुळत नव्हती. मी हे वर्गात सांगते तसं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि हातोडी मागवली.

हातोडीचे ठोके चालू असताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना माझ्याशी काही बोलायचं असलं की त्या वस्तूशी बोलतात. त्या चेनीकडे पाहून म्हणाल्या, "थोडं हिनं सरकावं, थोडं त्यानं. जुळवून घ्यावंच लागतंय. आमी न्हाई घेतलं व्हय?"

उपमा इतकी आयती समोर येऊन पडली होती की मी तिला हातही लावला नाही. एवढंच मनात आलं की लोखंड जुळवून घेत नाही, आणि म्हणून त्याला कुणी समजावत बसत नाही.

स्टँडवर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीची पाटी त्याच्या दुकानापेक्षा मोठी. त्यानं एक पुडकं काढलं आणि वरचं सोनेरी अक्षर दाखवलं. युनिव्हर्सल. सगळ्याला बसते, मॅडम. मी म्हणाले, गिअरच्या सायकलीला लागते ती चेन वेगळी, अरुंद असते. तो म्हणाला, मग ही युनिव्हर्सल कशाला लिहिली असती? त्याचं विश्व स्टँडपासून वारंगा फाट्यापर्यंत होतं, आणि त्या विश्वात ती चेन खरोखरच सगळ्याला बसत होती. माझ्या सायकलीला नाही बसली तेव्हा त्यानं चेनीकडे नाही, सायकलीकडे संशयानं पाहिलं.

मी भावाला फोन केला. त्यानं नांदेडच्या बाजारातून अरुंद चेन मिळवली. दुसऱ्या कंपनीची होती, पण मापाची. रविवारी सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती दिली. मी स्टँडवर जाऊन ती घेतली, मिस्त्रीनं ती माझ्या देखत चढवली, आणि ती सातही चकत्यांवरून पाण्यासारखी सरकली. मी कुणाला न सांगता सायकल घेऊन थेट माळावर गेले.

माळाची पलीकडची बाजू उभ्या चढाची आहे. शाळेहून येताना तोच चढ लागतो. मी खाली उतरून वळले आणि चढायला लागले. सपाटीवर सगळं ठीक होतं. चढावर पायात जोर आला आणि चेन दातावरून उडाली. पाय हवेत, गुडघा हँडलवर. पुन्हा चढले, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा मी सायकलीसकट धोंड्यांत पडले. तिथंच बसून मी त्या चकत्यांकडे नीट पाहिलं. दाते झिजून एका बाजूला कलले होते, लाटेसारखे. जुनी चेन आणि हे दाते कित्येक वर्षं एकमेकांना घासत एकत्र झिजले होते. चेन ताणली तशी दातांनी वाट दिली, दात कलले तशी चेन सैल झाली. त्यामुळं दोघांपैकी कुणाचाच दोष तोवर दिसला नव्हता. नवी चेन निर्दोष होती, आणि म्हणूनच टिकत नव्हती.

मामा आणि आत्याबाई एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललेले मी ऐकलेले नाही. जेवायचं असेल तर मामा म्हशीला सांगतात की आज उशीर झालाय, आणि आत्याबाई चुलीला सांगतात की ताट वाढलंय. त्यांची चेन कधी उडत नाही. गुडघा चोळत मला ते दोघं आठवले, आणि मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली.

भावाला पुन्हा फोन केला. मागच्या चकत्यांचा अख्खा जोड बदलून मिळेल का? तो लगेच त्या सायकलीच्या दुकानात गेला. त्यानं विचारून सांगितलं की या कंपनीनं हा जोड बनवणं बंद केलंय. दुसऱ्या कंपनीचा आहे, पण त्याच्या आतल्या खाचा वेगळ्या, तो या चाकात बसत नाही. चाक बदललं तर बसेल. मग गिअरचा खटका जुळणार नाही, तो बदलावा लागेल. खटका बदलला की चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारी पट्टी बदलावी लागेल. हे सगळं मागवायला आठवडा तरी जाईल.

मी विचारलं, "मग जुनं काय राहील?"

तो म्हणाला, "हँडल."

रविवारची दुपार उलटली होती. घरी आले तर मामा, नवरा, गजानन ओट्यावर बसलेले. त्यांनी माझा गुडघा पाहिला. मामांनी फार मायेनं सांगितलं की हळदीचा हंगाम होईस्तोवर घरीच ऱ्हा, पोरी. पुढल्या वर्षी बघू. नवरा म्हणाला, तू बघ काय ते. आत्याबाईंनी हळदीचा लेप आणला आणि गुडघ्याला लावला. तो थंड, जड लेप सुकत असताना मला स्पष्ट दिसलं की पुढल्या वर्षीही हळद असणार आहे.

मी लेपासकट उठले, सायकल ढकलत स्टँडवर गेले आणि मिस्त्रीला म्हणाले, गिअर काढा. त्याला वाटलं, दुरुस्तीला. मी म्हणाले, कायमचे. तो खुलला. मागचं चाकच काढून त्यानं एका मोडीतल्या लेडीज सायकलीचं चाक घातलं, एकाच दातेरी चकतीचं. दोन्ही बाजूंना वायसर टाकून मधली फट भरली. खटका काढला, पट्टी काढली, तारा ओढून काढल्या. आता चेन कोणती? रुंद. साधी. मी घरी निरोप पाठवला, आणि मामा स्वतः त्यांची चेन घेऊन आले. ती पुढं बसली, मागं बसली. मामांनी पायडल हातानं फिरवून पाहिलं. चाक फिरत राहिलं आणि मामा त्याच्याकडे पाहत राहिले.

"मी काय म्हनत होतो," ते मिस्त्रीला म्हणाले. मिस्त्री म्हणाला, व्हय, युनिव्हर्सलच की.

सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आत मी शाळेत होते. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खडूचा डबा माझ्याकडे सरकवला. ऑफिसात त्या मुलाचे वडील बसलेले होते. ते उठले आणि मला नमस्कार करून गेले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी दहावीला घर्षण शिकवलं.

परतताना चढ लागला. एका गिअरवर तो चढ कुणालाच चढता येत नाही, मलाही आला नाही. उतरले, ढकलत निघाले, मध्ये दम खाल्ला. घरी पोहोचले तेव्हा ऊन कलून गेलं होतं. दारात आत्याबाई उभ्या. त्या खांबाला म्हणाल्या, आज लई उशीर झाला. मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले.

"एका गिअरची सायकल हाय ती. चढाला उतरावंच लागतं. येळ लागनारच."

चेन त्यांची होती, तिची बाजू त्यांनाच घ्यावी लागली. त्या दिवसापासून माझा उशीर घरात मंजूर झाला. काहून उशीर, हे कुणी विचारत नाही.

मी अजूनही त्याच शाळेत आहे, अजूनही तासिका तत्त्वावर. गजाननानं पुढच्या वर्षी विजेवर चालणारं पिंप घेतलं. त्याचंही उद्घाटन झालं. स्कूटी घ्यायची चर्चा घरात अधूनमधून होते. मग सोडायला आणि आणायला गजानन येईल, असंही लगेच ठरतं, आणि मी ती चर्चा दुसरीकडे वळवते. परवा भाऊ आला होता. नांदेडला आता चांगल्या गिअरच्या सायकली मिळतात, सगळे भाग एकाच कंपनीचे, काही अडायचं नाही, म्हणाला. घेऊन देऊ का? मी नको म्हणाले. मामांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळी ओट्यावर आलेल्या माणसांना सांगितलं की आमच्या सुनेला आता गिअर नको वाटतात. माणसांनी माना डोलवल्या. मी आतून चहाचे कप पाठवले.

आजही शाळा सुटल्यावर मी चढावर उतरले. ढकलत वर आले, सायकल पळसाला टेकवली आणि बसले. माळावर कुणी नव्हतं. चढायला जितका वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ मी तिथं बसते, आणि हे फक्त मला माहीत आहे. मग उठावं लागतं. तिथून घरापर्यंत उतार आहे. त्या उतारावर पाय मारावे लागत नाहीत. गिअरची असो की बिनगिअरची, तिथं सगळ्या सायकली सारख्याच वेगानं घरी पोहोचतात.